जुनी स्पोर्ट्स कार घेताना: किती चालली यापेक्षा किती उभी राहिली ते विचारा

२०२५ मध्ये जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींना तीन बातम्यांनी गोंधळात टाकलं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभरच्या पंपांवर सर्रास झालं. ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांच्या पुनर्नोंदणीची फी दुप्पट झाली. आणि सप्टेंबरमध्ये केरळात सीमाशुल्क खात्यानं शुल्क चुकवून भूतानमार्गे आणल्याच्या संशयावरून महागड्या गाड्या ताब्यात घेतल्या. दुसरीकडे, पंधरा-वीस वर्षांची पोर्शे बॉक्स्टर किंवा मर्सिडीज एसएलके आज नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात मिळू शकते. नाशिकमध्ये घरापुढे जागा आहे, तासाभरावर घाट आहे, त्यामुळे मोह होणारच.

अशी गाडी भरवशाची आहे का, हे ओळखायचं कसं? बहुतेक जण आधी मॉडेल विचारतात, मग किलोमीटर. दोन्ही विचारावंत. पण जुन्या स्पोर्ट्स कारचा भरवसा सगळ्यात जास्त ठरतो तो ती किती काळ उभी होती यावर, आणि उभी असताना तिच्याकडे कोणी बघितलं का यावर. हा हिशेब लागला की पेट्रोल, कागद, पार्ट, रोजचा वापर हे बाकीचे प्रश्न आपोआप सोपे होतात.

## क्लासिक, व्हिंटेज आणि नुसती जुनी

कायद्यात ‘क्लासिक’ नावाचा प्रकार नाही. ‘व्हिंटेज’ आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात फार बदल न केलेली गाडी व्हिंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नूतनीकरण ५,००० रुपये. मात्र ही गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर काढायची.

१९९९ ची बॉक्स्टर किंवा २००६ ची एसएलके कायद्याच्या नजरेत साधी जुनी गाडी आहे. पंधरा वर्षांनंतर तिचं पासिंग, म्हणजे पुनर्नोंदणी, करायचं, ते पाच वर्षं चालतं. आयात केलेल्या चारचाकीला पंधरा ते वीस वर्षांच्या टप्प्यात ४०,००० रुपये फी आहे, वीस वर्षांनंतर ८०,०००. जीएसटी वेगळा, महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. गाडी एकोणीस वर्षांची असेल तर पुढचं पासिंग कधी आहे हे भाव करण्याआधी बघा. विकणाऱ्याला ती तारीख पक्की ठाऊक असते.

## “फक्त बावीस हजार चाललीय”

जाहिरातीतलं सगळ्यात महाग वाक्य हेच. अठरा वर्षांत बावीस हजार, म्हणजे वर्षाला बाराशे किलोमीटर. त्यातही पहिल्या तीन-चार वर्षांतच बहुतेक धावलेली आणि नंतर आच्छादन घालून ठेवलेली असण्याची शक्यता जास्त.

विहिरीवरची मोटर पावसाळाभर बंद ठेवली आणि कांद्याच्या पाण्याला चालू करायला गेलं की ती जाम निघते. वापरून झिजलेली नसते, न वापरल्यामुळे धरलेली असते. गाडीत असे धरणारे भाग पन्नासेक असतात.

इंजिन थांबतं तेव्हा काही सिलिंडरांचे वॉल्व्ह उघडे राहतात. तिथून दमट हवा आत जाते आणि सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पट्टा धरतो. पुन्हा चालू केल्यावर पिस्टनच्या रिंगा त्या पट्ट्यावर घासतात, मग ऑइल जळू लागतं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, दोन्ही टोकांचे रबरी सील ऑइलमध्ये भिजलेले असतात तोवर मऊ राहतात. ते कोरडे पडले की कडक होतात आणि पहिल्या लांब प्रवासात ऑइल गळतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे कॅलिपरचा, म्हणजे चाकाजवळ ब्रेक दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन आतून गंजतो, ब्रेक लागतो पण सुटत नाही. ब्रेकचे रबरी होज आतून फुगतात, बाहेरून अगदी ठीक दिसतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. एसीच्या कॉम्प्रेसरचं सील सुकून गॅस जातो. टायर एकाच जागी चपटे होतात. आणि बंगल्याच्या किंवा मळ्यातल्या शेडमध्ये ठेवलेल्या गाडीत उंदीर वायरिंगला हमखास पोचतात.

म्हणून सत्तर हजार चाललेली, दर वर्षी ऑइल बदलल्याच्या पावत्या असलेली गाडी बावीस हजाराच्या झाकलेल्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा चांगली निघते. पावत्या तारखेनं लावा. दोन पावत्यांमध्ये तीन-चार वर्षांची पोकळी दिसली तर तेवढा काळ गाडी उभी होती असं धरा आणि वर सांगितलेल्या प्रत्येक भागाचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

टायर हाही चांगला साक्षीदार आहे. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१४’ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आणि टायर दहा वर्षांचे, म्हणजे गाडी हललेलीच नाही. उलट मीटरवर तीस हजार पण पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंगचं चामडं चकचकीत आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड फाटलेली असेल, तर मीटर मागे घेतलेलं असू शकतं.

## आधी बॉडी, मग इंजिन

इंजिन खोलून पुन्हा बांधता येतं. सडलेली बॉडी बांधायला इंजिनाच्या दुप्पट वेळ लागतो आणि ती क्वचितच पहिल्यासारखी सरळ येते. म्हणून पहिला तास पत्र्यावर घालवा.

नाशिकची हवा मुंबईपेक्षा कोरडी. समुद्रकाठी वाढलेल्या गाडीचा तळ खारी हवा खाते, त्यामुळे नंबर एमएच-१५ असला तरी आधीचा मालक कुठला होता ते आरसी बुकात बघा. पुराचीही शंका घ्या. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचं पाणी नाशिकच्या काठच्या वस्तीत शिरलं होतं, मुंबईतल्या जुलै २००५ च्या पुरात तर असंख्य गाड्या बुडाल्या. सीट पुढे सरकवा, रुळाच्या खाचेत बोट फिरवा. वाळलेला बारीक गाळ बोटाला लागला, सीटचे बोल्ट तांबूस असले किंवा हेडलाइटच्या आत आडवी पुसट रेषा दिसली, तर तिथूनच परत फिरा.

पत्र्यावरचा रंग मोजायला मायक्रॉन मीटर मिळतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. अडीचशे-तीनशे म्हणजे दुसऱ्यांदा रंगवलेली, हजाराच्या वर म्हणजे खाली पुट्टी. मीटर नसेल तर लहान चुंबक फडक्यात गुंडाळून लावा, पुट्टीवर तो धरत नाही. सगळे पत्रे सारख्या जाडीने रंगवलेले असतील तर ती हौस असू शकते. एकच दार आणि मागचा एक फेंडर जाड भरला तर तिथे धडक झालेली आहे.

उघड्या टपाच्या गाडीत दाराखालचा पोकळ पट्टा, म्हणजे सिल, सगळं वजन पेलतो, कारण वर छप्पर नाही. १९६२ ते १९८० मधली एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार याचं नमुनेदार उदाहरण. तिला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. दार बंद करून मागच्या कडेची फट बघा. मग मागचं चाक जॅकवर उचला आणि तीच फट पुन्हा बघा. फट वर मिटली किंवा दार अडकायला लागलं, तर सिल आतून गेलेली आहे, वरून कितीही चकचकीत असो. गालिचा उचलून पायाखालचा पत्रा आणि बॅटरीखालचा ट्रे बघा. कुबट वास आला तर पाणी साठतंय.

बॉक्स्टर, एसएलके, बीएमडब्ल्यूची झेड फोर या गाड्यांत हूडच्या, म्हणजे मिटणाऱ्या छपराच्या, कडेनं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नाल्या असतात. पानं-मातीनं त्या तुंबल्या की पावसाळ्यात पाणी आत उतरतं. जुन्या बॉक्स्टरमध्ये सीटखाली इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवलेला असतो, झेड फोरच्या पहिल्या पिढीत हूडची मोटर अशाच पाणी साठणाऱ्या जागी असते. परवानगी घेऊन नालीच्या तोंडाशी पेलाभर पाणी ओता आणि चाकाजवळ ते बाहेर येतंय का बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण विकत घेणारे बहुतेक जण ते करत नाहीत.

## इंजिन थंडच मिळायला हवं

आदल्या रात्री सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण गाडीचे निम्मे आजार थंड सुरुवातीतच दिसतात.

चालू केल्यावर मागे उभं राहा. पहिल्या दोन-चार सेकंदांत निळा धूर येऊन गेला तर वॉल्व्हचे सील कडक झालेत, हे मध्यम खर्चाचं काम. चालत्या गाडीत रेस दिल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंगा, म्हणजे इंजिन खोलणं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. डिसेंबरच्या सकाळी सुरुवातीला पांढरी वाफ प्रत्येक गाडी टाकते, त्यावरून घाबरू नका. काळा धूर म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण जाड, त्यात पेट्रोल जास्त.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट कराच. सिलिंडर हवा किती दाबू शकतो हे मोजणारी ही चाचणी कुठलाही चांगला मेकॅनिक करतो. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. जुन्या पेट्रोल इंजिनात १४० ते १७० पीएसआय आकडे येतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथली हवा सहा-सात टक्के विरळ, त्यामुळे पुस्तकात १६० लिहिलं असेल तर इथे १५० आला तरी ठीक. महत्त्वाचा असतो सिलिंडरांमधला फरक. तो दहा टक्क्यांच्या आत हवा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर वॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि सिलिंडर यांमधल्या पट्टीचा.

शक्य असेल तर लीक-डाउन चाचणीही करून घ्या. यात कॉम्प्रेसरची हवा सिलिंडरमध्ये भरून किती टक्के निसटते ते बघतात. दहा टक्क्यांच्या आत उत्तम, वीसच्या पुढे काम निघणार. हवा कुठून निसटते ते कान लावून ऐकू येतं: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

बराच काळ उभी असलेली गाडी विकणाऱ्यानं तुमच्यासमोर जंप केबल लावून चालू करू नये. आधी प्लग काढावेत, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल घालावं, क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवावं, मग प्लग न लावताच स्टार्टर मारून ऑइलचा दाब येऊ द्यावा. जो मालक हे करायला तयार होतो त्याच्याशी पुढचं बोलणंही सोपं जातं.

## द्वारका आणि कसारा

चाचणीची फेरी गंगापूर रोडवर दोन किलोमीटरची नको. गाडी संध्याकाळच्या गर्दीत द्वारका चौकात घाला. हळू चालणाऱ्या गाडीला वारा मिळत नाही, तिथे फक्त पंखा आणि पाण्याचा पंप काम करतात. तापमानाचा काटा मध्यावर थांबला आणि पंखा लागून-सुटून चालला तर ते दोन्ही ठीक. मग मुंबई-आग्रा महामार्गानं घोटी, इगतपुरी आणि मालक तयार असेल तर कसारा घाट उतरून पुन्हा चढा. चढावर काटा वर गेला पण सपाटीवर खाली आला, तर रेडिएटर अर्धा तुंबलाय. काटा वर जाऊन तिथेच राहिला तर पुढे ओढू नका. ॲल्युमिनियमचं हेड एकदा वाकलं की सरळ करायचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

घाट उतरताना गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा. गिअर सुटून न्यूट्रलला आला तर गिअरबॉक्सचं काम आहे. दुसऱ्या गिअरमध्ये पटकन टाकताना खरखर झाली तर सिंक्रोमेश, म्हणजे गिअर अलगद जुळवणारा भाग, झिजलंय; स्पोर्ट्स कारमध्ये सगळ्यात आधी हाच गिअर जातो. चौथ्या गिअरमध्ये साठच्या वेगाला एकदम रेस द्या. इंजिनाचे फेरे चढले आणि वेग चढला नाही, तर क्लच प्लेट संपली.

परत आल्यावर ऑइलचा दाब बघा. ढोबळ नियम असा की गरम इंजिनात दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय हवा. शेवटी इंजिन बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा. गरम असताना चालू न होणारी गाडी तुम्हाला कसाऱ्याच्या चहाच्या टपरीवरच अडकवेल.

## पण मॉडेल चांगलं असेल तर एवढं कशाला?

मॉडेलचा स्वभाव असतोच. फक्त तो कुठे बघायचं एवढं सांगतो, ही विशिष्ट गाडी कशी आहे ते सांगत नाही.

पोर्शेचंच घ्या. १९९६ नंतरची बॉक्स्टर आणि १९९७ नंतरची ९११ यांत पाण्यानं थंड होणारं नवं इंजिन आलं. त्यात क्रँककडून फिरणारा एक मधला शाफ्ट आहे, तो कॅमशाफ्टच्या साखळ्या चालवतो. त्याच्या एका टोकाला बंदिस्त बेअरिंग आहे. बेअरिंगच्या सीलमधून इंजिनाचं ऑइल हळूहळू आत जातं, मूळ ग्रीस धुऊन नेतं आणि बेअरिंग कोरडं पडतं. ते फुटलं की साखळीचं टायमिंग सुटतं, पिस्टन वॉल्व्हवर आपटतात आणि काही सेकंदांत इंजिन भंगारात जातं. साधारण २००० ते २००५ मधल्या एकेरी ओळीच्या बेअरिंगला हा त्रास सगळ्यात जास्त. २००६ ते २००८ चं बेअरिंग मोठं आहे आणि टिकतं, पण ते इंजिन फोडल्याशिवाय काढता येत नाही. २००९ पासूनच्या इंजिनांत हा शाफ्टच नाही.

हे तपासायचं तर ऑइल फिल्टर कापून कागद उलगडा. लोखंडी चमक किंवा काळ्या प्लास्टिकचे बारीक तुकडे दिसले तर व्यवहार थांबवा. बेअरिंग बदललेलं असेल तर पावती मागा. नसेल तर क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतोच, त्याच वेळी बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील बदलून घ्यायचा खर्च धरा. नियमित पळणाऱ्या, वर्षाला ऑइल बदललेल्या गाड्यांत हे बेअरिंग जास्त टिकतं असा या इंजिनांवर काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. कमी चाललेली गाडी इथेही मागेच.

एसएलके ३५० मध्ये २००४ ते २००८ च्या दरम्यानच्या व्ही-सहा इंजिनांत बॅलन्स शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याच्या, दातांची झीज होते. इंजिन नंबरावरून गाडी त्या खेपेतली आहे का ते कळतं. दुरुस्तीला इंजिन बाहेर काढावं लागतं. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म मात्र वेगळी: फायबरची बॉडी, ११४९ सीसीचं साधं रेनॉ इंजिन. बॉडी गंजत नाही पण आतली लोखंडी चौकट गंजते, म्हणून ती खालूनच बघायची.

“जपानी गाडी बिघडत नाही” हेही अर्धंच खरं. इंजिन टिकतं, रबर कोणत्याही देशाचं वीस वर्षांनी संपतंच.

## २० टक्के इथेनॉलचं काय?

निफाड, दिंडोरीच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला इथेनॉल परकं नाही. गाडीच्या बाजूनं त्याचे तीन परिणाम होतात.

पहिला मिश्रणाचा. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साडेतेरा. २००० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो बरंचसं सांभाळून घेतो. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, मात्र ठरलेल्या मापाचा, म्हणून मिश्रण आठेक टक्के पातळ होतं. नाशिकच्या उंचीमुळे ते मुंबईपेक्षा तीनेक टक्के जाड होतं, तरी पाचेक टक्क्यांचा पातळपणा उरतोच. लक्षणं अशी: पिकअप घ्यायला अडखळणं, रेस सोडताना फटफट, प्लगचं टोक पांढरट.

सुरुवातीच्या एमजीबीच्या एसयू कार्बोरेटरमध्ये हे हातानं दुरुस्त होतं. जेटखालचा नट सहा बाजूंचा असतो. एकेक बाजू खाली फिरवली की मिश्रण जाड होतं. प्रत्येक वेळी कार्बोरेटरचा पिस्टन पिनेनं जेमतेम एक मिलिमीटर उचला. फेरे वाढून तसेच राहिले तर जाड, इंजिन बसायला लागलं तर पातळ, किंचित वाढून पुन्हा जागेवर आले तर बरोबर. नटानं भागलं नाही तर सुई बदलावी लागते.

दुसरा परिणाम रबराचा. जुने पेट्रोल होज, कॉर्कचे गॅस्केट, पंपाचा पडदा इथेनॉलमध्ये फुगतात किंवा भेगाळतात. जुन्या गाडीचे सगळे होज बदलून एसएई जे३०आर९ किंवा त्यावरच्या दर्जाचे लावा. पैसे थोडेच लागतात आणि गळकं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडणं टळतं.

तिसरा पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि प्रमाण ओलांडलं की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, नेमकं पेट्रोल ओढणाऱ्या नळीपाशी. टाकी तिथूनच गंजते. रोजच्या गाडीत हे होण्याआधीच पेट्रोल संपतं, त्रास उभ्या गाडीला होतो. पावसाळ्यात गाडी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरा, आत हवेला जागा ठेवू नका.

पंपावर ‘९५ ऑक्टेन प्रीमियम’ घेतलं म्हणजे इथेनॉल टळलं असा समज आहे, तो चुकीचा. ऑक्टेन हा वेळेआधी न पेटण्याचा गुण आहे, त्या आकड्यावरून इथेनॉलचं प्रमाण कळत नाही. खूप जुन्या इंग्लिश गाड्यांत आणखी एक गोष्ट विचारा. भारतात २००० सालापासून पेट्रोल शिसेरहित आहे. त्यानंतर हेडमध्ये कठीण वॉल्व्ह-सीट बसवलेल्या नसतील तर एक्झॉस्ट वॉल्व्ह हळूहळू आत बसत जातात.

## कागद: इंजिनाइतकेच तपासा

भूतानच्या प्रकरणानं एक गोष्ट दाखवून दिली. गाडीला नंबर आहे, आरसी आहे, तरीही ती जप्त होऊ शकते. आरसी नोंदणीचा पुरावा आहे, सीमाशुल्क भरल्याचा नाही.

आपल्याकडे वापरलेली गाडी आयात करायची तर ती साधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टीअरिंग उजवीकडे हवं, असा नियम आहे. व्हिंटेज गाड्यांना सवलती आहेत. म्हणून उत्पादनाचं वर्ष आणि भारतातल्या पहिल्या नोंदणीचं वर्ष शेजारी ठेवा. १९९८ ची गाडी २०११ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली असेल तर मधल्या काळात ती कुठे होती आणि कोणत्या सवलतीत आली, याची ‘बिल ऑफ एंट्री’, म्हणजे आयातीची सीमाशुल्क खात्याकडची नोंद, मागा. ती नसेल तर स्वस्त मिळाली म्हणूनही घेऊ नका.

चेसिस नंबर आरसीवरून नव्हे, पत्र्यावरून स्वतः वाचा आणि कागदाशी अक्षर-अक्षर ताडा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा किंवा वेल्डिंग दिसलं तर सोडून द्या. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. दिल्लीकडच्या जुन्या गाड्या स्वस्त दिसतात, पण महाराष्ट्राचा कर भरल्यावर तो स्वस्तपणा बराच आटतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन पेठ रोडवरच्या आरटीओत नावावर करा. एजंटकडे सोपवलं तरी कर्जाचा बोजा उतरलाय का आणि जुनी चलनं बाकी आहेत का ते परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागलेली आहे का तेही.

विम्यात पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीनं ठरते. फोटो आणि कामाच्या पावत्या जोडून ती योग्य लिहून घ्या, नाहीतर चोरी झाली तर नगण्य पैसे हातात येतील.

## पार्ट कुठून आणणार?

नाशिकचा एक मोठा फायदा आहे. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत लेथ, ग्राइंडिंग, होनिंगचं काम करणारी वर्कशॉप आहेत. सस्पेन्शनचे बुश, पिना, स्पेसर, गिअर लिंकेजचे तुकडे नमुना देऊन करून मिळतात, हेडचं फेसिंग होतं. एमजी किंवा जुन्या फियाटसारख्या गाडीचं बरंच काम इथे निभतं. बेअरिंग, टायमिंगच्या साखळ्या, सेन्सर, नियंत्रक हे मात्र बाहेरून मागवावे लागतात, त्यावर आयात शुल्क आणि दोन-तीन आठवड्यांची वाट. म्हणजे जितकी गाडी नवी आणि इलेक्ट्रॉनिक, तितकं नाशिकमध्ये तिचं काम कमी होतं. पहिल्यांदा घेणाऱ्यानं हे नीट तोलावं. पोर्शे घ्यायचीच असेल तर त्या गाड्यांचं निदान यंत्र असलेला मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर.

खरेदी किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. गाडी घरी आली की सगळी द्रवं बदला: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल. दहा वर्षांचे टायर, पेट्रोल होज, पंख्याचा पट्टा आणि टायमिंग बेल्ट असेल तर तोही. बेल्टला किलोमीटरशिवाय वर्षांचीही मर्यादा असते, तो तुटला तर बहुतेक इंजिनांत वॉल्व्ह वाकतात.

## मग ही गाडी रोज चालवता येईल का?

व्हिंटेज नंबरची नाही. बाकीच्या चालवता येतात, आणि चालवाव्यातच. आठवड्यातून एकदा तरी त्र्यंबकपर्यंत जाऊन यावं, म्हणजे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट. ऑइल पुरेसं तापत नाही, जळणातून तयार झालेलं पाणी त्यातच राहतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट साका दिसला तर बहुधा कारण हेच असतं. लांब फेरी मारूनही तो गेला नाही आणि कूलंट कमी होत असेल, तेव्हा हेड गॅस्केटचा संशय घ्या.

सतत बाहेरगावी असणाऱ्यानं बॅटरीला स्वयंचलित चार्जर लावावा, टायरमध्ये पाच पीएसआय हवा जास्त ठेवावी, हँडब्रेक न ओढता चाकाला दगड लावावा आणि गाडी हलवायला घरचं एखादं माणूस तयार करावं. असं कोणी मिळणार नसेल तर खरेदी थोडी पुढे ढकला. चांगली बॉक्स्टर आणखी दोन वर्षांनीही मिळेल.